आकाशातील गाळा कोणाचा?

मानोरा तालुक्यातील इंझोरी येथे आमच्या मामांचे किराणा व बी-बियाण्यांचे दुकान आहे. त्या दुकानाच्या पत्र्यावर दोन तबकड्या शेजारी शेजारी बसविलेल्या आहेत. एकीचे तोंड दक्षिणेस, किंचित पूर्वेकडे कललेले. ती दरमहा रिचार्ज मागणारी. दुसरीचे तोंड बरेच आग्नेयेस. ती दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ची, एकदा विकत घेतली की पुढे दमडीही न मागणारी. पहिली घरच्या मंडळींसाठी, दुसरी ओट्यावर टेकणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आणि हमालांसाठी. रिचार्ज संपला की घरातील चित्र विझते आणि मग घरची मंडळीही मुकाट्याने ओट्यावर येऊन बसतात. आषाढातील झड लागली म्हणजे मात्र दोघींचीही सारखीच फजिती होते. या तबकड्यांना येणाऱ्या लहरी अवघ्या अडीच सेंटिमीटर लांबीच्या. पावसाचे टपोरे थेंब त्यांना वाटेतच गिळून टाकतात.

गेल्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे ५ नोव्हेंबर २०२५ रोजी, मी इंझोरीतच होतो. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपून आम्ही ओट्यावर बसलो असता मामांच्या नातवाने हातातील फोनवरून बातमी वाचून दाखविली. महाराष्ट्र शासनाने अमेरिकेतील ‘स्टारलिंक’ कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या असून उपग्रहाद्वारे इंटरनेट पोचविण्यासाठी गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांची नावे त्यात प्रामुख्याने घेतली आहेत. मुलाचा चेहरा उजळला होता. मामांचा नाही.

“आपल्या जिल्ह्याचे नाव पहिल्या चारांत कधी येते, ते ठाऊक आहे ना?” ते म्हणाले. त्यांचा रोख स्पष्ट होता. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला आमचा जिल्हा २०१८ पासून नीति आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि त्या यादीतील महाराष्ट्राचे चार जिल्हे नेमके हेच. थोडे थांबून त्यांनी व्यापाऱ्याला साजेसा प्रश्न केला, “गाळा कोणाचा? भाडे कोण भरणार? आणि आत माल कोणाचा?”

त्या रात्री मला झोप उशिरा लागली. कारण हाच प्रश्न या देशाने ५० वर्षांपूर्वी एकदा फार चांगल्या रीतीने विचारला होता, त्याचे उत्तरही लिहून घेतले होते, आणि पुढे अनेकदा तो विचारावयाचे आपण विसरलो होतो.

डॉ. विक्रम साराभाई हे अहमदाबादच्या जैन व्यापारी घराण्यातले, कॅलिको मिलच्या अंबालालशेठांचे चिरंजीव, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. खेड्यांतून शाळा, दवाखाने आणि रस्ते पोचावयास दशके लागतील, परंतु शिकविणारे चित्र एकाच वेळी सर्वत्र पोचविता येईल, ही त्यांची कल्पना. भारताजवळ त्या वेळी स्वतःचा उपग्रह नव्हता. म्हणून अणुऊर्जा विभागाने १८ सप्टेंबर १९६९ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’शी करार केला. नासाने आपला ‘एटीएस-६’ हा उपग्रह एका वर्षासाठी आफ्रिकेवर आणून उभा करावयाचा आणि भारताने तो वापरावयाचा.

या कराराची कलमे व्यापाऱ्याने वाचण्यासारखी आहेत. उपग्रह तेवढा नासाचा. जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे भारताची, गावोगावचे संच भारताचे, त्यांची दुरुस्ती भारताची. आणि दाखवावयाचे कार्यक्रम सर्वस्वी भारताचे, त्यांत नासाचा कोणताही हात नाही. गाळा उसना घेतला खरा. पण माल, मापे आणि वही ही तिन्ही आपल्याच ताब्यात ठेवली. साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी निवर्तले. त्यांनी सही केलेला हा सौदा तडीस नेला तो त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्यांत व्यवस्थापनाची धुरा होती कोल्हापूरच्या डॉ. एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे.

‘साइट’ या नावाने ओळखला गेलेला तो प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा बरोबर एक वर्ष चालला. सहा राज्ये, २० जिल्हे, २,४०० गावे. प्रत्येक गावात कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात तशा जाळीची, दहा फूट व्यासाची तबकडी, आणि सार्वजनिक जागी ठेवलेला एक संच. सकाळी शाळेतील मुलांसाठी दीड तास, सायंकाळी मोठ्यांसाठी अडीच तास. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे विषय. हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया या भाषा. मराठी त्यांत नव्हती. महाराष्ट्राचे एकही गाव त्या यादीत आले नाही. सोलापूरच्या पलीकडे विजापूर-गुलबर्ग्यापर्यंत चित्र आले आणि सीमेशी थांबले. (श्रीलंकेत राहणाऱ्या आर्थर क्लार्क यांच्या कोलंबोतील घरी मात्र इस्रोच्या अभियंत्यांनी एक तबकडी आवर्जून बसवून दिली. आकाशात स्थिर उभ्या राहणाऱ्या दळणवळण-उपग्रहाची कल्पना त्यांनी १९४५ साली मांडली होती; त्या ऋणाची ही परतफेड म्हणावयाची.)

वर्ष सरले आणि एटीएस-६ परत गेला. ठरल्याप्रमाणेच गेला, त्यात विश्वासघात काही नव्हता. परंतु ज्या पटांगणात संध्याकाळी सारा गाव जमत असे तेथील पडदा एका रात्रीत काळा झाला. उसन्या गाळ्याचा हा दोष कलमांत कितीही सावधगिरी बाळगली तरी राहतोच. इस्रोने त्यातून घेतलेला धडा असा की, आता स्वतःचा गाळा हवा.

तो मिळविण्याची कथा थोडक्यात सांगतो. एप्रिल १९८२ मध्ये पाठविलेला ‘इन्सॅट-१ए’ सप्टेंबरमध्येच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकी अंतराळयान ‘चॅलेंजर’मधून गेलेला ‘इन्सॅट-१बी’ मात्र तरला. एकाच उपग्रहावर दूरध्वनी, हवामानाची छायाचित्रे आणि दूरदर्शन अशी तिन्ही कामे. १९८७-८८ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे तेव्हा इंझोरीच्या बसथांब्यावर चिटपाखरू नसे, हे मी स्वतः पाहिलेले आहे. आम्ही मुले छतावरील काठीला बांधलेला ॲन्टेना फिरवीत असू आणि खालून “आले, आले!” असा पुकारा होई. ते चित्र दिल्लीहून इन्सॅटला जाऊन जवळच्या लहान प्रक्षेपकावर उतरते आणि तेथून आमच्या काठीवर येते, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. १९९२ साली ‘इन्सॅट-२ए’ हा भारतात घडविलेला पहिला मोठा दळणवळण-उपग्रह आकाशात उभा राहिला.

याच सुमारास व्यापाराने आकाशात पाऊल टाकले, आणि ते ज्या रीतीने टाकले ती हकीकत आपल्या वाचकांना विशेष रुचेल. फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेचा ‘वेस्टार-६’ नावाचा उपग्रह मोटार दगा देऊन चुकीच्या कक्षेत भरकटला. विमेकऱ्यांनी मालकास नुकसानभरपाई दिली आणि बुडीत माल त्यांच्या नावे झाला. मग त्यांनी काय करावे? नासाला पैसे देऊन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंतराळवीरांकरवी तो उपग्रह अक्षरशः हातांनी धरून पृथ्वीवर परत आणविला, नीट करवून घेतला आणि विकला. घेणारी कंपनी हाँगकाँगची. एप्रिल १९९० मध्ये चीनच्या अग्निबाणावर बसून तोच उपग्रह ‘एशियासॅट-१’ या नव्या नावाने पुन्हा वर गेला. १९९१ पासून ‘स्टार’च्या वाहिन्या आपल्याकडे दिसू लागल्या त्या याच मोडीतून उचललेल्या मालावरून!

त्याच उपग्रहावरील थोडी जागा हिसारच्या धान्यव्यापारी घराण्यातील सुभाष चंद्र यांनी भाड्याने घेतली आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी ‘झी’ सुरू केली. भारतातून उपग्रहाकडे चित्र पाठविण्याची परवानगी खासगी माणसास तेव्हा नव्हती. म्हणून मुंबईत चित्रित झालेल्या फिती विमानाने हाँगकाँगला जात आणि तेथून आकाशमार्गे परत भारतात येत. कापूस येथला, गाठ परदेशात बांधायची आणि कापड पुन्हा येथेच विकायचे, असा तो प्रकार. शासनाच्या अंतराळ विभागाजवळ स्वतःचे उपग्रह असताना आपला पहिला मोठा उपग्रह-व्यापारी परक्याच्या दारी गेला, कारण घरच्या दारावर ‘येथे व्यापाऱ्यास प्रवेश नाही’ अशी पाटी होती.

ती पाटी हलविण्यास न्यायालय कारणीभूत झाले. १९९३ साली क्रिकेट सामन्यांचे प्रक्षेपणाधिकार बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीस दिले, तेव्हा दूरदर्शनने आणि शासनाने हरकत घेतली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपल्या महाराष्ट्रातले. आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती ना शासनाची मिरास, ना श्रीमंताची. तिचा वापर लोकहितासाठी स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेच्या नियंत्रणाखाली व्हावा, असा त्याचा आशय. या निकालाचा पहिला अर्धा भाग आपण उत्साहाने अमलात आणला. शेकडो वाहिन्या आल्या. १५ ऑगस्ट १९९९ रोजी ‘अल्फा मराठी’ आली आणि विदर्भातील घराघरांत मराठी मालिका चोवीस तास घुमू लागली. शासनाची मक्तेदारी गेली म्हणजे लहरी आपोआप लोकांच्या झाल्या, अशी आपली समजूत झाली. ती चूक होती, असे माझे मत आहे.

पुढे थेट घरावर तबकडी बसविण्याचा धंदा आला. १९९७ साली त्यावर बंदी होती. २००० च्या अखेरीस धोरण बदलले. २००३ पासून खासगी सेवा सुरू झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननेही आपली विनाशुल्क सेवा आणली, तीच मामांच्या ओट्यावरची. या धंद्यात इस्रो घरमालक आणि कंपन्या भाडेकरू. उपग्रहावर ‘ट्रान्सपॉन्डर’ नावाचे यंत्र असते. जमिनीवरून आलेला क्षीण संदेश घ्यावयाचा, त्याची लहर बदलावयाची, जोर वाढवावयाचा आणि खाली सोडावयाचा, एवढेच त्याचे काम. आपल्या अडत दुकानासारखे, माल स्वतःचा नाही पण त्याच्यावाचून सौदा नाही. ही यंत्रे म्हणजेच गाळे.

घरमालक म्हणून इस्रोची कारकीर्द फारशी स्पृहणीय नाही, हे खेदाने लिहावे लागते. १० जुलै २००६ रोजी ‘इन्सॅट-४सी’ उड्डाणातच नष्ट झाला. हा अपघात, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु गिऱ्हाईक दारात उभे असता गाळे वेळेवर बांधून झाले नाहीत आणि एकामागून एक कंपन्या परदेशी उपग्रहांवर गेल्या. तेथील जागाही आपल्याच अंतराळ विभागाच्या मध्यस्थीने घ्यावयाची, म्हणजे घरमालकाचा दलाल झाला. २०१४ साली महालेखापरीक्षकांनी या व्यवस्थापनावर ताशेरे ओढले. चंद्रावर यान नेणाऱ्या संस्थेला भाडेचिठ्ठी सांभाळता येऊ नये, याचे आश्चर्य वाटू नये. उत्तम सुतार उत्तम दुकानदार असतोच असे नाही.

आणि मग ‘देवास’. जानेवारी २००५ मध्ये इस्रोच्या ‘अँट्रिक्स’ या व्यापारी कंपनीने या खासगी कंपनीशी करार करून दोन भावी उपग्रहांची ९० टक्के जागा १२ वर्षांसाठी देऊ केली. चालत्या गाडीत, हातातील यंत्रावर चित्र पोचविण्याची ती योजना. ज्या ‘एस’ पट्ट्यात ही जागा होती, त्याच पट्ट्यातून इन्सॅटने पूर्वी खेड्यांतील सार्वजनिक संचांना चित्र दिले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये शासनाने करार रद्द केला. २०१५ साली आंतरराष्ट्रीय लवादाने अँट्रिक्सवर ५६ कोटी २५ लाख डॉलर आणि व्याज असा बोजा टाकला. १७ जानेवारी २०२२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा सारा व्यवहार फसवणुकीचा ठरवून देवास कंपनी गुंडाळण्याचा आदेश कायम केला. तरी परदेशी न्यायालयांतील वसुलीची भांडणे चालूच राहिली. सौद्याच्या दिवशी एक तास अधिक बसून कागद वाचला असता तर पुढील कोर्टबाजी टळली असती, असे आपल्या पेढीवरील कोणताही जुना मुनीम सांगेल.

त्यानंतर मात्र सुधारणा झाली, आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. २०१९ साली ‘न्यूस्पेस इंडिया’ ही शासकीय कंपनी निघाली. आधी उपग्रह बांधून मग गिऱ्हाईक शोधण्याऐवजी आधी गिऱ्हाईक, मग उपग्रह हा क्रम ठरला. त्याप्रमाणे ४,१८० किलो वजनाचा, २४ ट्रान्सपॉन्डरांचा ‘जीसॅट-२४’ २३ जून २०२२ रोजी दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून गेला आणि त्याची सारी जागा ‘टाटा प्ले’ने आधीच घेऊन ठेविली होती. याच न्यूस्पेसने २०२२-२३ मध्ये दोन खेपांत ‘वनवेब’चे ७२ उपग्रह श्रीहरिकोट्याहून वर नेऊन दिले. हा शुद्ध हुंडेकरीचा व्यवसाय. माल दुसऱ्याचा, वाहतूक आपली, भाडे रोख.

‘फ्री डिश’चे अर्थकारणही याच जातीचे. पाहणाऱ्याकडून काही घेत नाहीत. पण तीवरील जागेचा लिलाव होतो आणि खासगी वाहिन्या कोट्यवधी रुपये मोजतात. ज्यांना जाहिराती मिळतात त्या वाहिन्या येतात. हिशेब जमेना की काढता पाय घेतात. म्हणून ओट्यावरील हमालाला काय दिसावे हे त्याच्या गरजेवर ठरत नाही, साबणाच्या आणि तंबाखूच्या पुड्यांच्या नावांवर ठरते. तुरीच्या भावाची किंवा बोंडअळीची माहिती त्याला हवी असेल तर ‘आमची माती आमची माणसं’ दाखविणारी दूरदर्शनची वाहिनी आहे; परंतु ती लावण्यासाठी रिमोट ज्याच्या हाती आहे त्याची विनवणी करावी लागते. साइटच्या काळी अडीच तासच चित्र होते, पण ते शेतकऱ्यासाठी योजलेले होते.

आता पुन्हा स्टारलिंककडे वळतो. येथे गाळा एका जागी उभा नाही. ३६ हजार किलोमीटरवर स्थिर असणाऱ्या एका उपग्रहाऐवजी सुमारे ५५० किलोमीटरवरून धावणारे हजारो उपग्रह आहेत. एक क्षितिजाआड गेला की दुसरा हात पुढे करतो. जवळून येत असल्यामुळे संदेशास विलंब नाही आणि ही वाट दुहेरी आहे. इंझोरीहूनही माल वर चढविता येतो. अडत्याचा भाव मागविणे, वैद्यांस दाखविणे, मुलांचा वर्ग, सारे शक्य. चित्रवाहिन्याही पुढे याच वाटेने येतील, कारण तबकडीच्या रिचार्जचा धंदा फोनमुळे आधीच आक्रसू लागला आहे. परवान्याच्या अटींनुसार जमिनीवरील केंद्रे भारतातच असावी लागतात, ही गोष्टही चांगली झाली.

परंतु १९६९ च्या कागदाशी हा कागद ताडून पाहिला म्हणजे काही जागा रिकाम्या दिसतात. तेव्हा मुदत लिहिलेली होती. दुरुस्ती कोणाची ते लिहिलेले होते. कार्यक्रम कोणाचे ते लिहिलेले होते. आज शाळा आणि आरोग्यकेंद्रांना जोडण्याचा इरादा जाहीर झाला आहे. पहिल्या वर्षानंतरचे मासिक भाडे जिल्हा परिषद भरणार की ग्रामपंचायत, हे कोणी तरी विचारले पाहिजे. ज्या वाटेने मराठी पाठ, मराठी शेतीसल्ला जावयाचा तो तयार करण्यासाठी पैसा वेगळा ठेवला आहे काय? वाट बांधून झाली आणि तीवरून पाठवावयाला आपल्याजवळ काही नसले, तर समोरून येणारा मालच तेवढा उतरवून घ्यावा लागेल. शंभरी पूर्ण करून डॉ. चिटणीस ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यास निवर्तले, या इरादापत्राच्या थोडेच दिवस आधी. हा कागद त्यांच्यापुढे ठेवता आला असता तर फार बरे झाले असते.

सकाळी निघताना पाहिले, तर मामांनी सरकीच्या पावतीच्या पाठीवर तीन ओळी लिहून ठेविल्या होत्या: मुदत किती, दुरुस्ती कोणाकडे, भाडे कोणाचे. येत्या ग्रामसभेत वाचणार म्हणाले. नातू हिरमुसून म्हणाला, “आजोबा, अजून सुरूच झाले नाही, आणि तुम्ही आत्तापासूनच हिशेब मांडता!”

“इसार देण्याआधीच मांडायचा असतो रे बाबा,” असे म्हणून त्यांनी पावती गल्ल्याखाली सरकविली आणि त्याला शिडी आणावयास सांगितले. रात्रीच्या वाऱ्याने फुकटची तबकडी थोडी फिरली होती.